चुकीला वाचा फुटली तेव्हा

इथेरियमवर फसलेला व्यवहार स्वतःबद्दल फारच थोडं सांगतो. कोणी केला, कोणाकडे केला, किती गॅस, म्हणजे कामाचं भाडं, जळला आणि शेवटी एक शून्य. मधल्या वेळात कॉन्ट्रॅक्टने शिल्लक बदललेली असो, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला पैसे पाठवलेले असोत की इव्हेंट लिहिलेले असोत, सगळं पुसलं जातं. फी मात्र परत मिळत नाही. मी पुण्यात बसून स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तपासते. त्याआधी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथे फसलेल्या व्यवहारांची रोजची फाइल निघायची, प्रत्येकापुढे कारणाचा कोड असायचा आणि सकाळी कोणीतरी चहा पिता पिता ती उघडून बघायचं. या नव्या धंद्यात आले तेव्हा पहिला धक्का बसला तो याच गोष्टीचा. इथे तशी फाइलच नव्हती. शेवटचं ते शून्यसुद्धा पहिली दोन वर्षं नव्हतं. ते कसं आलं, त्याच्यामागे कारण कसं आलं आणि त्यासाठी कोणाकोणाचे पैसे गेले, हा या छोट्या धंद्याचा खरा इतिहास आहे असं मला वाटतं.

इथेरियम ३० जुलै २०१५ला सुरू झालं. सॉलिडिटी या भाषेची कल्पना गॅविन वुड यांनी २०१४च्या ऑगस्टमध्ये मांडली होती. ख्रिस्तियान राइटविसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. दोन सोयी पायातच घातलेल्या होत्या. पहिली, व्यवहार एकतर पुरा होईल नाहीतर मुळीच होणार नाही. अर्धवट काही उरणार नाही. दुसरी सोय लॉगची. कॉन्ट्रॅक्ट काम करता करता एखादी घटना लिहून ठेवू शकतं. ही लॉग म्हणजे दुकानातली रोजकीर्द: जे झालं ते त्या क्रमाने लिहायचं, खोडायचं नाही. फरक इतकाच, की लिहिणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला ती पुन्हा वाचता येत नाही. वाचायची ती बाहेरच्यांनी: वॉलेटने, एक्स्चेंजने, इथरस्कॅनसारख्या साइटने. म्हणूनच ती स्वस्त आहे. एका नोंदीला ३७५ गॅस, प्रत्येक टॉपिकला, म्हणजे शोधायच्या खुणेला, आणखी ३७५ आणि मजकुराच्या दर बाइटला ८. कॉन्ट्रॅक्टच्या स्वतःच्या साठवणीत नवी किंमत लिहायची तर तेव्हा एका खान्याला २०,००० गॅस मोजावे लागत.

म्हणजे चूक सांगायची ती हाक मारणाऱ्याला, आणि इव्हेंट सांगायचा तो बाहेरच्या जगाला. कागदावर ही वाटणी स्वच्छ होती. ती नेमकी कुठे गळते हे मात्र पैसे बुडाल्यावरच कळत गेलं.

सुरुवातीच्या सॉलिडिटीत चूक दाखवायला एकच शब्द होता, थ्रो. कंपायलर त्याचं रूपांतर एका अस्तित्वात नसलेल्या जागी उडी मारण्यात करायचा. कोड चालवणारं इथेरियमचं यंत्र तिथे जायचा प्रयत्न करायचं, जागा सापडायची नाही, व्यवहार कोसळायचा. काम उलटायचं हे ठीक, पण सोबत दिलेला सगळा गॅसही जप्त व्हायचा. पहिल्याच ओळीत अट मोडली तरी लाखो गॅसचं पूर्ण भाडं. आणि कारण? इथरस्कॅनवर 'बॅड जम्प डेस्टिनेशन' असा लाल इशारा दिसायचा. शिल्लक कमी पडली, मुदत टळली की परवानगी नव्हती, सगळ्याला उत्तर एकच. पावतीत तर तेवढंही नसायचं. व्यवहार यशस्वी झाला का, हे ओळखायला लोक दिलेला गॅस आणि जळलेला गॅस यांची तुलना करायचे. दोन्ही तंतोतंत सारखे असले तर बहुतेक फसला. याहून खात्री हवी असेल तर सगळा व्यवहार आपल्या नोडवर पुन्हा चालवून बघायचा.

थ्रो निदान आरडाओरडा तरी करायचं. खरा धोका होता गप्प बसणाऱ्या चुकीचा. कोणाला इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, पाठवायचं तर सेंड वापरत. सेंड फसलं तर व्यवहार उलटत नाही. ते फक्त 'नाही' असं उत्तर देतं. ते उत्तर बघायचं की नाही, हे लिहिणाऱ्यावर. शिवाय सेंड समोरच्याला फक्त २,३०० गॅस देतं. समोर साधा पत्ता असेल तर तेवढं पुरतं, समोर कॉन्ट्रॅक्ट असेल तर बहुधा पुरत नाही.

२०१६च्या फेब्रुवारीत 'किंग ऑफ द इथर थ्रोन' नावाच्या खेळात हेच घडलं. खेळ सोपा होता. ठरलेली रक्कम भरा, सिंहासनावर बसा. पुढचा माणूस दीडपट भरून तुम्हाला उठवेल आणि त्याची रक्कम, थोडं कमिशन वजा जाऊन, तुम्हाला मिळेल. उतरलेल्या राजाला पैसे देणारी ओळ सेंडची होती आणि तिचं उत्तर कोणी तपासत नव्हतं. काही राजे मिस्ट या वॉलेटमधल्या कॉन्ट्रॅक्ट-खात्यातून खेळत होते. त्यांच्या खात्याला पैसे स्वीकारायला २,३०० गॅस पुरेनात. सेंडने 'नाही' म्हटलं, ते कोणी ऐकलं नाही, पैसे खेळाच्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये राहिले आणि नव्या राजाचा राज्याभिषेक थाटात पार पडला. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुरळीत. खेळाच्या कर्त्याने नंतर या घोळाची सविस्तर जाहीर चिकित्सा लिहिली. या धंद्यात चुकीचा पंचनामा उघड्यावर करायची जी चांगली पद्धत पडली, तिच्या पहिल्या काही नमुन्यांपैकी हा एक.

त्यानंतर डाओ, इथेरियमवरचा सामूहिक गुंतवणूक निधी. ही कथा पैशांच्या आकड्यांसाठी सांगितली जाते: १५ कोटी डॉलरच्या आसपास जमा, १७ जून २०१६ला सुमारे ३६ लाख इथर दुसरीकडे वळवलं गेलं, आणि २० जुलैला १९,२०,०००व्या ब्लॉकपाशी इथेरियमचे दोन तुकडे. मी माझ्याकडे नव्याने आलेल्या मुलामुलींना डाओचा कोड वाचायला देते तो दुसऱ्याच कारणासाठी. स्प्लिटडाओ या फंक्शनच्या शेवटच्या काही ओळी बघा म्हणते. आधी टिपण: डाओची टोकनं जाळा. त्याखाली ट्रान्सफर, पाठवणाऱ्याकडून शून्य पत्त्याकडे, त्याची सगळी शिल्लक. त्याखाली बक्षिसाची रक्कम देणारी हाक. आणि त्याच्याही खाली, सर्वांत शेवटी, शिल्लक शून्यावर आणणारी ओळ.

"मॅडम, यात चुकीची तपासणी तर आहे," असं कोणीतरी हमखास म्हणतं. बरोबर आहे. पैसे दिले गेले नाहीत तर थ्रो, असं तिथे नीट लिहिलेलं आहे. किंगने जे केलं नव्हतं ते डाओने केलं होतं. पण पैसे देताना सेंडऐवजी असा मार्ग वापरला होता ज्यात उरलेला सगळा गॅस समोरच्याला मिळतो. त्या गॅसवर समोरच्याने स्प्लिटडाओलाच पुन्हा हाक मारली. शिल्लक शून्य करणारी ओळ अजून यायची होती, म्हणून तीच शिल्लक पुन्हा दिली गेली. मग पुन्हा. फसलं काहीच नाही, म्हणून तपासणीला पकडायलाही काही नव्हतं.

माझं बोट असतं ते ट्रान्सफरच्या ओळीवर. तो ट्रान्सफर कॅपिटल टीचा आहे, म्हणजे तो इव्हेंट आहे. टोकन खरोखर हलवणारं फंक्शन स्मॉल टीचं. दोघांना हाक मारायची पद्धत तेव्हा हुबेहूब सारखी होती: नाव, कंस, आत किमती. वर टोकनं जाळण्याचं टिपण आणि खाली फक्त जाळल्याची नोंद. तिथे स्मॉल टी हवा होता का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. त्या दिवशी काय घडत होतं ते मात्र स्पष्ट आहे. प्रत्येक फेरीत लॉगमध्ये तीच टोकनं जळाल्याची नोंद पुन्हा पडत होती आणि खात्यातून एकही टोकन कमी होत नव्हतं. रोजकीर्द आणि गल्ला यांची फारकत झाली होती, आणि भाषेच्या व्याकरणात दोन्हींतला फरक सांगणारं काहीच नव्हतं.

लोकांनी आधी आपापले उपाय केले. इव्हेंटच्या नावाआधी 'लॉग' असा शब्द जोडा, असा सल्ला कन्सेन्सिस या कंपनीच्या सुरक्षा-मार्गदर्शिकेत होता. त्या काळातल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये 'लॉगट्रान्सफर', 'लॉगडिपॉझिट' अशी नावं म्हणूनच दिसतात. मार्च २०१८मध्ये सॉलिडिटी ०.४.२१ आली आणि इव्हेंटआधी 'एमिट' लिहायची सोय झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ०.५.०ने ती सक्ती केली. आज नवी मुलं एमिट हा शब्द बोटांच्या सवयीने टाकतात. तो कुठल्या जळिताच्या राखेतून आला हे त्यांना सांगावं लागतं.

चूक दाखवण्याच्या बाजूने बदल थोडा आधीच सुरू झाला होता. मार्च २०१७च्या ०.४.१०मध्ये तीन नवे शब्द आले: रिक्वायर, असर्ट आणि रिव्हर्ट. रिक्वायर बाहेरून येणाऱ्या गोष्टींसाठी: तुम्ही दिलेली रक्कम चुकीची, तुमची परवानगी नाही. असर्ट घरच्यासाठी: असं कधी होताच कामा नये, झालं तर आमच्या कोडमध्येच खोट आहे. थ्रो त्या जुलैत नापसंत यादीत गेलं आणि ०.५.०मध्ये भाषेतून हद्दपार झालं. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. दोष देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे ठरवल्याशिवाय ओळ लिहिताच येत नाही. माझ्या अहवालांत 'इथे असर्ट नको, रिक्वायर हवं' हा शेरा दिसतो तेव्हा मुळात कोणाची जबाबदारी कोणावर ढकलली आहे, ते मी सांगत असते.

शब्द आले तरी खालच्या यंत्राला अजून बोलता येत नव्हतं. ते आलं १६ ऑक्टोबर २०१७ला, बायझँटियम या बदलात. अलेक्स बेरेगसासी आणि निकोलाय मुशेगियन यांच्या १४० क्रमांकाच्या प्रस्तावाने रिव्हर्ट ही सूचना यंत्रातच आली: काम उलटवा, पण उरलेला गॅस परत द्या आणि जाताना सोबत काही बाइट पाठवा. निक जॉन्सन यांच्या ६५८ क्रमांकाच्या प्रस्तावाने पावतीत एक खाना मिळाला: यशस्वी तर एक, फसला तर शून्य. सुरुवातीला म्हटलेलं शून्य ते हेच. जळलेल्या गॅसवरून अंदाज बांधायचे दिवस त्या ब्लॉकपासून संपले.

त्या 'काही बाइट'मध्ये काय भरायचं हे एप्रिल २०१८च्या ०.४.२२ने ठरवलं: रिक्वायरला दुसरा भाग म्हणून कारणाचं वाक्य देता येऊ लागलं. 'रक्कम शिल्लकीपेक्षा जास्त आहे' असं इंग्रजीत लिहिलेलं वाक्य इथरस्कॅनवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बँकेतल्या त्या सकाळच्या फाइलची आठवण झाली. पण इथे वाक्यालाही भाडं पडतं. प्रत्येक अक्षर कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये बसतं, आणि कोडला २४,५७६ बाइटची मर्यादा. मग लोक संदेश बत्तीस बाइटच्या आत कोंबू लागले. युनिस्वॅप या एक्स्चेंजच्या तिसऱ्या आवृत्तीत, मे २०२१मध्ये, कारणं उरली ती 'एलओके', 'एसपीएल' अशी दोन-तीन अक्षरांची. वाचा फुटली, पण जीभ आखूड.

त्यावरचा उपाय एप्रिल २०२१च्या ०.८.४मध्ये आला. चुकीला नाव द्यायचं आणि सोबत किमती द्यायच्या, अगदी इव्हेंटसारखं. नावाची ओळख फक्त चार बाइटची, म्हणून स्वस्त. आणि किती हवे होते, किती होते, हे आकड्यांत कळतं. ओपनझेपेलिन या लायब्ररीने २०२३च्या पाचव्या आवृत्तीत वाक्यं काढून अशीच नावाची एररं घेतली. यात एक मेख आहे. आतल्या कॉन्ट्रॅक्टची चूक वर तशीच उसळून येते, त्यामुळे आतलं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याच्या नावाची चूक बेमालूम पाठवू शकतं. चुकीचं म्हणणं ऐकायचं, पण त्यावर पैसे लावायचे नाहीत.

दरम्यान गप्प चुकांचं एक वेगळंच प्रकरण उघडं पडलं होतं. २२ एप्रिल २०१८ला ब्यूटीचेन या टोकनवर कोणीतरी एकाच हाकेत दोन पत्त्यांना टोकनं पाठवली, प्रत्येकी दोनचा २५५वा घात इतकी. दोघांची बेरीज दोनचा २५६वा घात, आणि यंत्राच्या शब्दात तेवढी जागाच नसल्याने उत्तर शून्य. पुढे रिक्वायर होतं: पाठवणाऱ्याची शिल्लक एकूण रकमेइतकी आहे का? शून्याइतकी कोणाची नसते? लॉगमध्ये ७७ आकडी ट्रान्सफरच्या नोंदी पडल्या, एक्स्चेंजना व्यवहार थांबवावे लागले. त्याच फंक्शनच्या पुढच्या बेरजा-वजाबाक्या सेफमॅथ लायब्ररीतून केलेल्या आहेत. एक गुणाकार तेवढा उघडा राहिला. डिसेंबर २०२०च्या ०.८.०ने ही जबाबदारी माणसाकडून काढून घेतली. आता गणित ओसंडलं की भाषा स्वतःच 'पॅनिक' म्हणून व्यवहार उलटवते, आणि सोबत प्रकाराचा क्रमांकही देते.

आता त्या वळणाकडे येते ज्यामुळे हे दोन्ही धागे एकत्र आले. सुरुवातीला इव्हेंट ही नुसती माहिती होती. कोणी वाचली नाही तरी बिघडत नव्हतं. २०२०च्या सुमारास इव्हेंटवर पैसे हलू लागले. इथेरियमच्या नव्या साखळीत व्हॅलिडेटर व्हायचं तर जुन्या साखळीवरच्या डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टमध्ये ३२ इथर भरायचं. कॉन्ट्रॅक्ट एक इव्हेंट लिहिणार आणि १ डिसेंबर २०२०ला सुरू झालेली ती नवी साखळी, बीकन चेन, तो वाचून तुम्हाला दाखल करून घेणार. मुंबईत २०१७मध्ये सुरू झालेल्या मॅटिकचं, म्हणजे आजच्या पॉलिगॉनचं, कामही असंच. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात इथेरियमवरचं 'स्टेटसेंडर' कॉन्ट्रॅक्ट 'स्टेटसिंक्ड' हा इव्हेंट लिहितं आणि पलीकडचे, हाइमडाल या थरातले व्हॅलिडेटर तो वाचून आपल्या साखळीवर कारवाई करतात. त्यांच्या सरावाच्या साखळीचं नावच 'मुंबई' होतं. एप्रिल २०२४मध्ये ती बंद होईपर्यंत माझ्या हाताखालच्या मुलांनी पहिले इव्हेंट तिथेच लिहिले.

रोजकीर्दीतली ओळ वाचून दुसऱ्या गावचा पेढीवाला पैसे देऊ लागला, की ओळ खोटी असण्याची किंमत बदलते. २०२२च्या जानेवारीअखेर क्युबिट या प्रकल्पाच्या, दोन साखळ्या जोडणाऱ्या पुलावर तसंच झालं. इथेरियमवर ठेव भरली की डिपॉझिट इव्हेंट पडायचा आणि पलीकडे बायनान्सच्या साखळीवर तेवढ्याच किमतीची टोकनं निघायची. ठेव घ्यायची फंक्शनं दोन होती, एक इथरसाठी, एक टोकनांसाठी. इव्हेंट मात्र दोन्हींचा एकच. इथर दाखवायला यादीत शून्य पत्ता ठेवलेला होता. हल्लेखोराने टोकनवाल्या फंक्शनला हाक मारली, आणि टोकनचा पत्ता निघाला शून्य. फंक्शनने त्या पत्त्याला 'याच्याकडून टोकनं माझ्याकडे वळव' असं सांगितलं. त्या पत्त्यावर कॉन्ट्रॅक्टच नाही. आणि इथेरियमचं यंत्र रिकाम्या पत्त्याला मारलेली हाक यशस्वी धरतं.

उत्तराची तपासणी नव्हती का? होती. पण काही जुनी टोकनं ट्रान्सफर झाल्यावर 'हो' म्हणतच नाहीत, टोकनांच्या प्रमाणित नियमात तसं सांगितलं असूनही. त्यांची सोय म्हणून रिकामं उत्तरही चालवून घ्यायची पद्धत सगळीकडे पडली आहे. रिकाम्या पत्त्याकडून रिकामं उत्तर आलं, ते चाललं. पैसे आले नाहीत, चूक झाली नाही, इव्हेंट मात्र पडला. पलीकडे त्या इव्हेंटच्या जोरावर सुमारे आठ कोटी डॉलर उचलले गेले. किंगचं न ऐकलेलं 'नाही' आणि डाओची खोटी नोंद या ठिकाणी एकत्र आली, आणि तेव्हा एमिटही होतं, रिक्वायरही होतं.

म्हणूनच कोणी मला विचारलं, इव्हेंट पैसे हलवण्याआधी लिहावा की नंतर, तर मी म्हणते, हा प्रश्न दुय्यम आहे. आधी लिहिला आणि पुढे काही फसलं, तर रिव्हर्ट ती ओळही पुसून टाकेल. पहिल्या दिवसापासून यंत्राने दिलेली हमी तीच आहे. अट एवढीच, की फसलेलं खरोखर फसलं पाहिजे. मध्ये कोणी ते 'नाही' गिळलं, रिकाम्या उत्तराला होकार मानलं किंवा ट्राय-कॅचमध्ये पकडून पुढे चाल दिली, की ती ओळ टिकते आणि खोटी टिकते. त्यामुळे कोडमध्ये एमिट दिसला की मी आधी त्याच्या आजूबाजूची प्रत्येक हाक फसवून बघते. त्यातल्या एकीच्याही फसण्याने इव्हेंट पुसला गेला नाही, तर अहवालात तो दोष सर्वांत वर जातो, मग त्या दिवशी त्यावर एक रुपयाही अवलंबून नसला तरी. उद्या त्या इव्हेंटवर कोण पैसे देणार आहे, हे तो लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसतं.